टेबलावर परार्ध

एकक, दशक, शतक, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. शाळेत हे एका दमात म्हणायची शर्यत लागायची. अठरा स्थानं, प्रत्येक आधीच्याच्या दसपट. यातली कोटीपर्यंतची रोजच्या व्यवहारात भेटतात, अब्ज वर्तमानपत्रात भेटतो आणि खर्वापासून पुढची नावं पाठांतरातच राहतात. देशाचा अर्थसंकल्पसुद्धा 'लाख कोटी' म्हणून वेळ निभावून नेतो. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. एवढं मोजण्यासारखं माणसाजवळ असतं तरी काय?

असतं, आणि घरी हाताने बनवता येईल अशा वस्तूत असतं. सुरतेत उधन्याला आमच्या घरी टेबलावर सहा काचेच्या नळ्यांचं एक डिजिटल घड्याळ आहे. नळ्या जुन्या, सोव्हिएत काळातल्या. निक्सी ट्यूब म्हणतात त्या. बाकीचं सर्किट घरीच सोल्डर केलेलं. या एका घड्याळात एककापासून परार्धापर्यंतची अठराही स्थानं सापडतात. एकही पायरी न गाळता ती चढून दाखवतो.

ही यादी भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त आहे. ग्रंथ ११५० सालचा. दशसहस्राला तिथे अयुत म्हटलंय, दशलक्षाला प्रयुत, दशकोटीला अर्बुद. बाकीची नावं आपल्या ओळखीचीच. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, तो चाळीसगावजवळच्या पाटणला. १२०७ सालचा त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. चाळीसगावचं पाणी गिरणेतून तापीला मिळतं आणि तापी सुरतेवरून समुद्राला जाते. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा इथली खानदेशी मंडळीही तापीच्याच खोऱ्यातून, जळगाव-उधना रेल्वेने इथे आली. त्यामुळे लीलावतीतली स्थानं सुरतेतल्या टेबलावर मोजायला बसणं मला अगदी घरचं काम वाटतं.

एकक म्हणजे एक नळी. आयएन-१४ हे तिचं सोव्हिएत नाव. नळीचा व्यास १९ मिलिमीटर. आत पत्र्याच्या बारीक पट्टीतून कापलेले दहा अंक एकामागे एक उभे केलेले आहेत, प्रत्येकी १८ मिलिमीटर उंच. एकाला दुसरा चिकटत नाही आणि प्रत्येकाची तार वेगळी बाहेर येते. यांना कॅथोड म्हणतात. त्यांच्याभोवती केसासारखी बारीक जाळी असते, तो ॲनोड. ज्या अंकाची तार जोडाल त्याच्या अंगावर नारिंगी प्रकाश चढतो, बाकीचे नऊ अंधारात उभे राहतात. हे दशक झालं.

नळीत हे अंक शून्य, एक, दोन अशा क्रमाने लावलेले नसतात. पुढच्या अंकाने मागचा कमीत कमी झाकला जावा, अशा हिशेबाने त्यांची रांग ठरवतात. म्हणून सेकंदाचा अंक बदलताना प्रकाश काचेच्या आत कधी पुढे येतो, कधी मागे सरतो. एलईडीच्या सपाट आकड्यात ही खोली नाही. आणखी एक गोष्ट डोळा जवळ नेला की दिसते. या नळीतला पाच म्हणजे उलटा धरलेला दोन आहे. एकाच साच्यात दोन अंक भागवले आहेत.

अमेरिकेत बरोज कंपनीने १९५५ साली या नळ्या बाजारात आणल्या. १९६१ साली इंग्लंडमध्ये आलेल्या ॲनिटा या पहिल्या संपूर्ण इलेक्ट्रॉनिक टेबल-कॅल्क्युलेटरवर आकडे दाखवायला अशाच नळ्या होत्या. प्रयोगशाळांतली मोजमापयंत्रं, वारंवारता मोजणारे काउंटर, डिजिटल व्होल्टमीटर या सगळ्यांवर त्यांचं राज्य होतं. सत्तरच्या दशकात एलईडी स्वस्त झाले आणि नळ्या मागे पडल्या. सोव्हिएत कारखान्यांनी मात्र त्या पुढेही बरीच वर्षं काढल्या, म्हणून आज जगभरचे हौशी लोक त्या जुन्या साठ्यावर घड्याळं बांधतात. चेक प्रजासत्ताकात दालिबोर फार्नी यांनी तर हे विसरलेलं काम पुन्हा शिकून नव्या निक्सी ट्यूब हाताने बनवायला सुरुवात केली.

शतकाची पायरी व्होल्टची. नळी पेटायला सुमारे १७० व्होल्ट लागतात. अडॅप्टरमधून येतात १२. मधलं काम एक कॉइल आणि एक ट्रान्झिस्टर करतात. ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि प्रत्येक वेळी कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा उसळी मारून कपॅसिटरमध्ये जमा होते. इथला हिशेब आधी कागदावर नीट केला पाहिजे. पेटलेली नळी स्वतःवर साधारण १४५ व्होल्ट घेते. १७० मधून १४५ गेले, उरले २५. हे २५ व्होल्ट १० किलोओहमच्या रेझिस्टरवर टाकले की नळीतून २.५ मिलिअँपिअर जातात, आणि आयएन-१४ ला हवे असतात तेवढेच. रेझिस्टर लहान घेतला तर अंक झिजतो, मोठा घेतला तर अंकाचा अर्धाच भाग पेटतो. हे २.५ मिलिअँपिअर लक्षात ठेवा, सगळ्यात वरच्या पायरीवर तेच नेणार आहेत.

सहस्रासाठी मिनिटाच्या एकम स्थानाची नळी बघायची. ती दिवसात १,४४० वेळा अंक बदलते. तिच्या डावीकडची, मिनिटाच्या दशमाची, १४४ वेळा. तासाच्या एकमाची २४ वेळा आणि सगळ्यात डावीकडची फक्त ३ वेळा. शून्याचा एक, एकाचे दोन, दोनाचं परत शून्य. उजवीकडच्या टोकाला मात्र धांदल आहे. सेकंदाच्या दशमाची नळी ८,६४० वेळा बदलते आणि एकमाची ८६,४०० वेळा. ही दशसहस्राची पायरी. सहाही नळ्यांची बेरीज केली तर दिवसाला ९६,६५१ बदल होतात.

या असमान वाटणीचा एक तोटा आहे. सहा नळ्यांत मिळून साठ अंक आहेत. त्यातले पेटतात पंचेचाळीस. तासाच्या दशमात तीनपासून नऊपर्यंत कधीच येत नाही, मिनिट आणि सेकंदाच्या दशमात सहापासून नऊपर्यंत येत नाही. पेटणाऱ्या अंकावरून उडालेले धातूचे कण या पंधरा बेकार अंकांवर बसतात आणि काही काळाने ते अंक पेटवायचे म्हटले तरी नीट पेटत नाहीत. म्हणून रात्री घरातले झोपलेले असताना घड्याळ सगळे अंक एकदा फिरवून घेतं. पंधरा बेकारांनाही थोडा वेळ काम मिळतं. सुरुवातीच्या काळातल्या निक्सी ट्यूब ५,००० तास टिकत, म्हणजे अखंड चालवल्या तर २०८ दिवस. शेवटच्या काळातल्या काही प्रकारांचं आयुष्य २ लाख तासांवर गेलं. ती होतात जवळजवळ २३ वर्षं.

दशसहस्रावर आणखी एक आकडा आहे आणि घड्याळाचा प्राण त्यात आहे. ३२,७६८. बोर्डावर एका लहानशा डबीत क्वार्ट्झचा क्रिस्टल असतो, दोन शिंगांच्या चिमट्याच्या आकाराचा. वीज मिळाली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हाच आकडा का? पंधरा वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार केला की ३२,७६८ येतात. म्हणजे पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक उरतो. १६,३८४, ८,१९२, ४,०९६ असं उतरत उतरत पंधराव्या पायरीला सेकंदाचा एक ठोका हाती येतो. निम्मं करणारं सर्किट अगदी सोपं असतं, म्हणून मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळापासून भिंतीवरच्या घड्याळापर्यंत हाच आकडा चालतो.

क्रिस्टलला उन्हाळा बाधतो. २५ अंश सेल्सिअसला तो सर्वांत ठीक चालतो, त्यापासून तापमान जितकं दूर जाईल त्या फरकाच्या वर्गाच्या पटीत तो मंदावतो. सुरतेत मे महिन्यात खोलीत ४० अंश झाले, तर फरक १५ अंशांचा, वर्ग २२५. हिशेब मांडला तर घड्याळ दिवसाला सुमारे दोन तृतीयांश सेकंद मागे पडतं, म्हणजे महिन्याला वीस सेकंद. यावर उपाय डीएस-३२३१ ही आयसी. तिच्यात क्रिस्टल आणि तापमापक एकाच पोटात असतात आणि ती स्वतःच चूक दुरुस्त करत राहते. तिची हमी दहा लाखांत दोन भागांची, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त एक मिनिट आणि तीन सेकंदांची चूक.

लक्षाची पायरी नळीच्या आतल्या वायूत, म्हणजे निऑनमध्ये आहे. निऑनच्या अणूमधून एक इलेक्ट्रॉन उपटून काढायला २१.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. ही ऊर्जा तापमानाच्या भाषेत मांडली, तर ती अडीच लाख केल्विनच्या घरात जाते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्विनचा आहे. त्याच्या चाळीसपटींहून जास्त! शेजारचा मुलगा घड्याळ बघायला आला होता, त्याला हे सांगितल्यावर तो दोन पावलं मागेच सरला. "काका, मग हात लावला तर भाजेल ना?" त्याला काचेच्या टोकावर बोट ठेवायला सांगितलं. काच जेमतेम कोमट. कारण नळीत तापलेले असतात ते मोजके इलेक्ट्रॉन. १७० व्होल्टच्या ओढीने ते वेग घेतात, एखाद्या अणूला धडकतात आणि पुढे जातात. अणू वजनाने इलेक्ट्रॉनच्या हजारो पट जड. तो जागचा फारसा हलत नाही, फक्त क्षणभर चेततो, आणि चेतलेली ऊर्जा नारिंगी प्रकाश होऊन बाहेर पडते.

हा निऑन येतो कुठून? आपल्या श्वासातल्या हवेतून. लंडनमध्ये विल्यम रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी १८९८ साली द्रवरूप केलेल्या वायूंतून तो वेगळा काढला. हवेच्या दर दहा लाख भागांत निऑन फक्त १८ भाग. एक लिटर निऑन मिळवायला ५५,००० लिटर हवा गाळावी लागते. पोलादाच्या कारखान्यांना ऑक्सिजन लागतो, तो काढताना प्रचंड प्रमाणात हवा द्रवरूप होतेच, म्हणून निऑन तिथे जोडउत्पादन म्हणून मिळतो. २०२२ चं युक्रेन युद्ध सुरू होण्यापूर्वी जगातल्या चिप-कारखान्यांना लागणाऱ्या निऑनपैकी जवळपास निम्मा युक्रेनमधल्या मारिउपोल आणि ओडेसा इथल्या दोन कंपन्या शुद्ध करून देत होत्या. आपल्या नळीला मात्र फार थोडा पुरतो. आतली पोकळी दहा घनसेंटिमीटर आणि दाब वातावरणाच्या विसाव्या हिश्श्याचा धरला, तर सत्तावीस-अठ्ठावीस लिटर हवेतला निऑन एका नळीला पुरे. स्वस्थ बसलेला माणूस चार मिनिटांत जवळजवळ तेवढी हवा आत घेतो.

दशलक्षावर अंदाज लागत नाही, अचूक आकडा आहे. सहा नळ्या, प्रत्येकीत दहा अंक, म्हणजे घड्याळ बरोबर दहा लाख वेगवेगळे आकडे दाखवू शकतं. त्यातले वेळ म्हणून चालतात फक्त ८६,४००. बाकीचे नऊ लाख तेरा हजार सहाशे आकडे कुठल्याच दिवशी येत नाहीत.

कोटीच्या पायरीवर घड्याळाचा मेंदू बसलाय. ॲटमेगा ३२८पी ही चिप हौशी लोकांत सर्वांत ओळखीची. ती सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोक्यांवर चालते. अंक बदलायला त्यातले अगदी थोडे लागतात, बाकी वेळ ती पुढच्या सेकंदाची वाट बघत बसते. तिच्यात आज्ञा साठवायला ३२,७६८ बाइट जागा आहे. क्रिस्टलचाच आकडा, कारण दोन्हीकडे पाया दोनाचा. याच्या शेजारी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला टिफ्रॅक संगणक ठेवून बघा. १९६० साली तो सुरू झाला. त्यात २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते. मुख्य स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे १०,२४० बाइट. त्या काळी देशात बांधलेला तो अभिमानाचा संगणक होता, पंडित नेहरूंनी त्याला नाव दिलं. आज नखावर मावणाऱ्या चिपमध्ये आज्ञा साठवायला त्याच्या तिप्पट जागा आहे आणि तिला काम काय, तर सहा नळ्या सांभाळायचं.

दशकोटी म्हणजे प्रकाशाचा वेग, सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. ही पायरी घड्याळात शिरते जीपीएसच्या मॉड्यूलमधून. खिडकीत छोटा अँटेना ठेवला की २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून वेळ उतरते. तो संदेश डोक्यावरच्या उपग्रहाकडून आला तरी वाटेत सेकंदाचे किमान ६७ सहस्रांश खर्ची पडतात, ते हिशेबात धरावे लागतात. उपग्रहातलं घड्याळ सापेक्षतेमुळे जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं, तेही वजा करावं लागतं. नाही केलं तर एका दिवसात अंतराची चूक अकरा किलोमीटरवर जाईल. सुरत स्टेशन शोधायला निघालेला माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचेल.

अब्जाच्या पायरीवर सेकंदाचीच व्याख्या भेटते. १९६७ पासून सेकंद म्हणजे सीझियम अणूच्या एका ठरावीक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं. नऊ अब्ज, एकोणीस कोटी, सव्वीस लाख, एकतीस हजार, सातशे सत्तर. भारताची प्रमाणवेळ नवी दिल्लीतली राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अशाच अणुघड्याळांवर सांभाळते.

ती वेळ सुरतेच्या सूर्याची नव्हे. प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, सुरत ७२.८३ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं. त्यामुळे घड्याळात बारा वाजतात तेव्हा सुरतेच्या स्थानिक वेळेने अकरा वाजून एकवीस मिनिटं झालेली असतात, फरक सुमारे ३८ मिनिटं आणि ४० सेकंदांचा. मुंबई जवळजवळ याच रेखांशावर आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली ठरली तरी मुंबईने ३९ मिनिटं मागे असलेली आपली 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडली नाही. सुरतेचा जुना घड्याळ मनोरा बांधला गेला १८७१ साली. तेव्हा देशाला एक वेळ नव्हतीच. आज त्याच शहरातल्या एका टेबलावरचं घड्याळ सीझियमच्या अब्जांशी जुळवून घेतं. तेवढ्या एका सेकंदात पृथ्वी स्वतःभोवती फिरताना सुरतेला ४३४ मीटर पूर्वेला नेते.

पुढच्या चार पायऱ्या भराभर चढता येतात, कारण क्रिस्टल आणि सीझियम आळीपाळीने हात देतात. क्रिस्टल तीस दिवसांत ८४,९३,४६,५६,००० वेळा थरथरतो, म्हणजे जवळपास साडेआठ खर्व. सीझियम एका मिनिटात साडेपाच निखर्व आंदोलनं पुरी करतं. क्रिस्टलचं एक वर्ष धरलं तर आकडा येतो १,०३,३३७ कोटींच्या घरातला, म्हणजे एक महापद्म ओलांडून थोडा पुढे. आणि सीझियमच्या एका तासात तीन शंकूंहून अधिक आंदोलनं होतात. पाठांतरात जी नावं नुसती जिभेवर फिरायची, ती इथे एकेका मोजमापाला चिकटली.

जलधीवर प्रकाश स्वतः आहे. निऑनच्या तांबूस-नारिंगी रंगातली एक ठळक लहर ६४० नॅनोमीटर लांबीची. ती सेकंदाला ४.७ जलधी वेळा खालीवर होते. चारावर चौदा स्थानं! नळीतला पाच, म्हणजेच उलटा दोन, बघताना आपल्या डोळ्यात शिरतो तो हा आकडा.

आता राहिले तीन. अंत्य, मध्य, परार्ध. इथे मघाच्या २.५ मिलिअँपिअरची गरज लागते.

वीज वाहते म्हणजे तारेतून इलेक्ट्रॉन सरकतात. एका इलेक्ट्रॉनचा विद्युतभार माहीत आहे, तेव्हा सेकंदाला किती इलेक्ट्रॉन गेले हे साध्या भागाकाराने निघतं. तास आणि मिनिटांच्या मधे, मिनिट आणि सेकंदांच्या मधे जे ठिपके चमकतात, ते चार छोटे निऑन दिवे आहेत. प्रत्येकाला सुमारे अर्धा मिलिअँपिअर लागतो. भागाकार केला की सेकंदाला ३ अंत्य इलेक्ट्रॉन येतात. हे एका ठिपक्याचं झालं. एका नळीतला एक अंक २.५ मिलिअँपिअर घेतो, तिथे उत्तर येतं १.५६ मध्य. सहा नळ्यांचे मिळून १५ मिलिअँपिअर. त्यांचे ९.३६ मध्य.

दहा मध्य म्हणजे एक परार्ध. नळ्या तिथे थोडक्यात कमी पडतात. पण चार ठिपके अजून मोजायचे आहेत. त्यांचे २ मिलिअँपिअर मिळवले की एकूण होतात १७, आणि उत्तर येतं १.०६ परार्ध. लीलावतीच्या यादीतलं शेवटचं स्थान हे घड्याळ दर सेकंदाला ओलांडतं, आणि ओलांडायला लागतात ते सगळ्यात बारीक चार ठिपके. एवढ्यासाठी खर्च किती? नळ्या आणि ठिपके मिळून तीन वॉटही नाहीत.

परार्ध केवढं, हे जाणवायला दोन ताळे पुरेत. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं मानतात. त्याचे सेकंद केले तर होतात सुमारे ४.३५ परार्ध. म्हणजे या घड्याळातून चार सेकंदांत जेवढे इलेक्ट्रॉन जातात, साधारण तेवढेच सेकंद विश्व सुरू झाल्यापासून उलटलेत. घड्याळाच्या एका सेकंदातले इलेक्ट्रॉन कुणी सेकंदाला एक या गतीने मोजायला बसला, तर त्याला सुमारे ३३६ कोटी वर्षं लागतील.

दुसरा ताळा खास सुरतेचा. जगातले बहुतेक हिरे या शहरात घासले जातात. वराछाच्या कारखान्यात घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर बसलेला कारागीर एक सेंटचा हिरा सहज हाताळतो. एक सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग, दोन मिलिग्रॅम. एवढ्याशा खड्यावरही तो ५७ पैलू पाडतो. त्या खड्यात कार्बनचे अणू किती? हिशेब केला तर जवळजवळ बरोबर एक हजार परार्ध येतात. भास्कराचार्यांची यादी जिथे संपते, त्याच्या हजारपट ऐवज सुरतेतला कारागीर रोज चिमट्यात धरतो. घड्याळातून तेवढे इलेक्ट्रॉन जायला पावणेसोळा मिनिटं लागतात. एका नळीतला निऑन मघाच्या अंदाजाने मोजला, तर तोही सव्वाशे परार्ध अणूंचा भरतो.

कुणी म्हणेल, मग घड्याळाची गरज काय? मोबाइलच्या चार्जरमधूनही परार्धाने इलेक्ट्रॉन जातात. जातातच. दोन अँपिअरचा चार्जर सेकंदाला सव्वाशे परार्ध देतो. पण तिथे ते तारेत लपलेले असतात. निक्सी ट्यूबमध्ये ते दिसतात. प्रत्येक परार्ध आपल्या वाटेवर निऑनला पेटवत जातो आणि जाता जाता किती वाजले तेही सांगतो. मोठ्या संख्या म्हटल्या की आपण मान वर करून तारे बघतो. हाताशी असलेल्या वस्तूत त्याच संख्या आहेत, हे एकदा स्वतः जोडून, स्वतः मोजून बघितलं, की पाठांतरातली ती अठरा नावं खरी होतात. माझं मत विचाराल तर शाळेत ती पाठ करून घेण्यापेक्षा अशी मोजून घ्यावीत.

ज्याला घड्याळ बांधायचं असेल, त्याच्यासाठी दोन गोष्टी. पहिली, १७० व्होल्टशी खेळ नको. सर्किट चालू असताना आत हात घालायचा नाही, बंद केल्यावरही कपॅसिटर रिकामा झाल्याची मल्टिमीटरवर खात्री करायची आणि तयार घड्याळ लाकडाच्या किंवा ॲक्रिलिकच्या पेटीत बंद ठेवायचं. घरात लहान मुलं असतील तर हे आधी, बाकी सगळं नंतर. दुसरी, हिशेब वहीत मांडून स्वतः करा, माझ्यावर विसंबू नका. त्यासाठी एक आकडा पुरे आहे. मल्टिमीटर १६ मिलिअँपिअर दाखवत असेल, तर त्या तारेतून सेकंदाला एक परार्ध इलेक्ट्रॉन जात असतात.